चिखलात उतरणारा पाय

आषाढात पेण-अलिबागच्या खारेपाटात लावणी सुरू झाली, की बांधावर उभ्या माणसाला एक गोष्ट हमखास दिसते. रांगेत वाकलेली माणसं पुढे जात नाहीत, मागे सरकतात. डाव्या हातात आवणाची मूठ, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात रोवायच्या आणि एक पाऊल मागे. लावलेलं रोप पायाखाली येऊ नये म्हणून हा उलटा प्रवास. मागे गेलेला पाय आधी चवड्याने चिखल चाचपतो, बोटं फाकतात, मग टाच खाली बसते. पाऊल उचलताना चिखल सहजी सोडत नाही. घोटा किंचित वळवायचा, टाच सैल करायची आणि मग पाय ओढून काढायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. चालायला लागलेलं पोर बांधावरून पाहतं आणि पुढे कधीतरी स्वतःच खाचरात उतरतं.

गुडघ्याखालचा पाय गमावलेल्या माणसाला हीच लावणी करायची असेल, तर कृत्रिम पायाकडून काय काय हवं, ते या एका पावलात कळतं. चवडा वाकला पाहिजे. घोटा थोडा आत-बाहेर वळला पाहिजे. चिखलपाण्याने पाय कुजता कामा नये. आणि बूट घालण्याचा तर प्रश्नच येत नाही. विसाव्या शतकात कृत्रिम पायाचे जे नवे नमुने निघाले, त्यांतल्या बहुतेकांची परीक्षा मात्र सपाट फरशीवर, बूट घालून आणि पुढे चालत झाली. ही परीक्षा फरशीवरून शेतात कशी आली, त्याची गोष्ट आपल्याकडे पुण्यात सुरू होते.

१९४४ साली दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. ब्रह्मदेशात आणि इटलीत हिंदी पलटणी लढत होत्या. सुरुंगाने, तोफगोळ्याने हातपाय गेलेले जवान मायदेशी परतत होते. त्यांच्यासाठी त्या वर्षी पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. वानवडीतलं हे केंद्र आजही चालू आहे आणि जवानांबरोबर नागरिकांनाही पाय देतं. रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आणि लष्कर यांचं नातं जुनं आहे. महाड तालुक्यातलं आंबवडे तर ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखलं जातं. दोन्ही महायुद्धांत तिथली माणसं लढली. अशा गावातून गेलेल्या जवानाला पाय गमावल्यावर परत यायचं होतं ते डोंगरउताराच्या वरकस जमिनीत, नाहीतर भाताच्या खाचरात.

त्या काळचा कृत्रिम पाय म्हणजे लाकूड, चामडं आणि धातू यांची जोडणी. घामाने आणि पावसाने चामडं नरम पडतं, त्याला बुरशी धरते. लाकूड फुगतं. बिजागरी गंजते. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकणारी ही वस्तू कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात कशी टिकणार होती? शिवाय तिचा सगळा हिशेब बुटाचा होता. हा दोष त्या कारागिरांचा नाही. पाय ज्या समाजात घडला, तिथला माणूस सकाळी बूट चढवतो तो रात्री काढतो, खुर्चीवर बसून जेवतो आणि कमोडवर बसतो.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली मुंबईत हाजी अलीला, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने, भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. लोकलच्या रुळांवर हातपाय गमावणाऱ्यांच्या या शहराला तिची गरज होतीच. तोवर जगात कृत्रिम पायाचं शास्त्रही पालटू लागलं होतं.

या पालटाची सुरुवात अमेरिकेत एका अपघाताने झाली. हॉवर्ड एबरहार्ट हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत. १९४४ मध्ये विमानाच्या धावपट्टीची मजबुती तपासताना एक अवजड वाहन त्यांच्या पायावरून गेलं आणि गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. पुढे अस्थिशल्यचिकित्सक व्हर्न इनमन यांच्या जोडीने त्यांनी माणूस चालतो कसा, याचाच अभ्यास हाती घेतला. सांध्यांच्या हालचाली टिपल्या, जमिनीचा पायावर येणारा उलटा दाब मोजला. धावपट्टीवर किती भार पडतो हे मोजणारा माणूस आता पावलावरचा भार मोजू लागला, आणि त्यातलं एक पाऊल त्याचं स्वतःचं होतं. कृत्रिम पायाच्या इतिहासात पाय बनवणारा आणि वापरणारा एकच असण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. बर्कलीच्या कामाला जी खोली आली, तिचं मोठं कारण हेच असावं.

याच अभ्यासातून १९५०च्या दशकात ‘सॅच’ पाय निघाला. त्यात बिजागरी नाही, हलणारा घोटा नाही. आत चवड्यापर्यंत जाणारा लाकडी कणा, टाचेत मऊ रबराची पाचर आणि वरून रबराचं आवरण. टाच टेकली की पाचर दबते, म्हणून घोटा खाली गेल्यासारखा वाटतो. स्वस्त, साधा आणि क्वचितच बिघडणारा असा हा पाय काही वर्षांत जगभर पोचला. भारतातही आला.

इथे त्याची खरी परीक्षा झाली आणि तो अडखळला. सॅच पाय बुटाच्या टाचेची उंची धरून बनवलेला असतो. तो अनवाणी टेकवला की शरीर मागे कलतं. लाकडी कणा चवड्यापर्यंत ताठ असल्यामुळे उकिडवं बसता येत नाही. मांडी घालावी, तर पाऊल आत वळत नाही आणि गुडघा उचललेलाच राहतो. बूट घालून देवळात जाता येत नाही, चुलीपुढे नाही, पंगतीला तर नाहीच. शेतात घातला तर बूट चिखलात अडकतो आणि पाण्याने जड होतो. रुग्ण पाय घेऊन जात, काही महिन्यांनी कुबड्यांवर परत येत. पाय घरी कोपऱ्यात उभा असे.

हे जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी यांनी वारंवार पाहिलं. याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवत. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध चौथीपुरता, पण हात पिढीजात कलावंताचे. सायकलच्या टायरची दुरुस्ती पाहताना त्यांना रबराचा पाय सुचला, अशी कथा सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली, तरी टायरच्या कारखानदारीतलं तंत्र त्यांनी पायासाठी वापरलं, हे खरंच आहे. १९६८ साली हा पाय आकाराला आला आणि गावाच्या नावाने जयपूर फूट म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पाय नुसत्या रबराचा केला तर तो जड आणि ताठ होतो. म्हणून आत तीन वेगळे ठोकळे ठेवले. घोट्याच्या जागी लाकडाचा तुकडा, त्यालाच वरच्या नळीचा बोल्ट बसतो. टाचेत आणि चवड्यात मऊ सच्छिद्र रबर, ज्याला मायक्रोसेल्युलर रबर म्हणतात. कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांना जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्या चपलांना लावायचं तेच हे रबर. हे तीन ठोकळे एकमेकांना ताठ जोडलेले नाहीत. टायरमध्ये वापरतात तसल्या रेयॉनच्या दोऱ्यांनी ते बांधायचे, वरून कातडीच्या रंगाच्या रबराचे थर चढवायचे आणि पावलाच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात घालून उष्णतेने पक्कं करायचं. साचा उघडला की आतून बोटं, नखं, टाचेचा गोलावा असलेलं तपकिरी पाऊल निघतं. बोटं आहेत, म्हणून हा पाय बुटात लपवावा लागत नाही. चवड्यापर्यंत ताठ कणा नाही, म्हणून तो उकिडवं बसताना वाकतो, मांडी घालताना आत वळतो आणि ओबडधोबड जमिनीवर एका कडेला कलतो. पोटरीच्या जागी गावच्या कारागिराने ठोकून बनवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढे तो जाऊन पाण्याच्या पाइपाचं प्लॅस्टिक आलं, तेच जे शेतकरी मोटारीला जोडतो.

सेठी आणि त्यांचे सहकारी उदावत, कासलीवाल आणि रामचंद्र यांनी १९७८ साली या पायावरचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. चौथी शिकलेल्या कारागिराचं नाव शास्त्रीय निबंधाच्या लेखकांत आलं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण मोठे सन्मान सेठींकडे गेले. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. मास्टरजींचं नाव वैद्यकाबाहेरच्या वाचकांना पुष्कळ उशिरा कळलं. पाय दोघांचा होता, आणि तो सांगताना दोन्ही नावं घ्यायला हवीत.

प्रयोगशाळेबाहेरच्या चाचणीची दोन मोठी उदाहरणं याच काळातली आहेत. दोन्ही मुंबईत जन्मलेल्या माणसांची.

पहिलं पुण्याच्या केंद्राशी जोडलेलं. मेजर इयान कार्डोझो पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमधले अधिकारी. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या सिल्हेट आघाडीवर त्यांचा पाय सुरुंगावर पडला. चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला. पुढे पुण्यात कृत्रिम पाय बसला, आणि मग सुरू झाली ती दुसरी लढाई. कृत्रिम पायाचा अधिकारी पायदळाची तुकडी सांभाळू शकतो, हे लष्कराला पटवायचं होतं. कार्डोझोंनी शारीरिक क्षमतेच्या चाचणीत दोन्ही पाय धड असलेल्या अधिकाऱ्यांना मागे टाकलं. प्रकरण लष्करप्रमुख जनरल रैना यांच्यापर्यंत गेलं. ते त्यांना लडाखला घेऊन गेले आणि बर्फात, चढावर चालताना त्यांनी हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कार्डोझोंना बटालियन मिळाली, नंतर ब्रिगेडही. भारतीय लष्करात पाय गमावून पायदळाची बटालियन सांभाळणारे ते पहिले अधिकारी. ज्या चाचणीत उमेदवाराची नोकरीच पणाला लागली होती, तिच्यात पायही पारखला गेला, हे विसरून चालणार नाही.

दुसरं उदाहरण सुधा चंद्रन यांचं. लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेली ही मुलगी १९८१ साली तमिळनाडूत बस अपघातात सापडली. जखम चिघळून गँगरीन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय तेव्हा पंधरा. पुढे सेठींबद्दल वाचून ती जयपूरला गेली. भरतनाट्यमची मूळ बैठक म्हणजे अरैमंडी. गुडघे बाहेर फाकवून अर्धं खाली बसायचं आणि त्याच स्थितीत तळवा सपाट आपटायचा, तोही तालात, तासन्‌तास. खाचरातल्या पायाला जे हवं, तेच इथेही हवं: अनवाणी पाऊल, वळणारा घोटा, आपटलं तरी न फाटणारा तळवा. फरक इतकाच की चिखल धक्का गिळतो, रंगमंच गिळत नाही. तो सगळा धक्का वर खुंटावर, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या टोकावर, त्याच्या कातडीवर येतो. सरावात खुंटातून रक्त यायचं. जानेवारी १९८४ मध्ये मुंबईत तिने पुन्हा रंगमंचावर नृत्य केलं. १९८५ सालच्या ‘मयुरी’ या तेलुगू चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली आणि पुढच्या वर्षी ‘नाचे मयूरी’ने ही गोष्ट हिंदीत आणली. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना जयपूर फूट हा शब्द कळला, त्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे.

एव्हाना जयपूर फूट जयपुरापुरता राहिला नव्हता. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो मोफत द्यायला सुरुवात केली होती. शिबिरं भरू लागली, महाराष्ट्रातही. माणूस सकाळी येतो, खुंटाचं माप प्लास्टरने घेतात, पाइपातून खुंट बसवायचं सॉकेट बनतं, पाऊल जोडलं जातं, आणि पुष्कळदा त्याच मुक्कामात माणूस पायावर उभा राहून घरी जातो. ज्याची मजुरी दिवसावर आहे, त्याच्यासाठी ही घाई म्हणजे सोय आहे. महिनाभर मोठ्या शहरात राहून मापं देत बसणं त्याला जमत नाही.

पण लोकप्रियता म्हणजे चाचणी नव्हे. मोजमापाचे प्रश्न उरलेच होते.

१९९५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सॅच, अमेरिकेतला सिॲटल आणि जयपूर असे तीन पाय मोजक्या माणसांना आळीपाळीने घालायला दिले आणि दाब मोजणाऱ्या पट्टीवरून चालवलं. टाच टेकतानाचा धक्का शोषण्यात सॅच सरस ठरला. चाल नैसर्गिक पायाच्या सर्वांत जवळ गेली ती जयपूर फूटवर. टायरच्या तंत्राने बनवलेल्या पायाला मिळालेली ही मोठी पावती होती. २००४ साली डेन्मार्कचे स्टीन येन्सेन आणि सहकाऱ्यांनी होंडुरास, युगांडा आणि भारत या तीन देशांत प्लॅस्टिक पाइपाचे जयपूर पाय घातलेल्या माणसांना पुन्हा गाठून तपासलं. तिथे चित्र तितकं उजळ नव्हतं. सॉकेट नीट न बसणं, जोडणीतली कसूर, लवकर होणारी मोडतोड या तक्रारी समोर आल्या. हाताने बनणारा पाय दर वेळी तोच नसतो. एका कारागिराचा टिकतो, दुसऱ्याचा फाटतो. वजनालाही तो जड. हे दोष मान्य केल्याने मास्टरजींच्या कामाचं मोल कमी होत नाही. उलट, पाऊल चांगलं असून सॉकेट बिघडलं तर सगळा पाय फुकट जातो, ही येन्सेन यांच्या पाहणीतून हाती आलेली गोष्ट शिबिरं भरवणाऱ्या प्रत्येकाने टेबलावर लिहून ठेवावी अशी आहे.

यानंतरचं काम प्रयोगशाळांकडे सरकलं. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राने पॉलियुरेथेनचं हलकं पाऊल तयार केलं. जुलै २०२५ मध्ये डीआरडीओ आणि बीबीनगरच्या एम्स यांनी मिळून देशी कार्बन तंतूंचा पाय पुढे आणला. १२५ किलोच्या भारापर्यंत त्याची चाचणी झाली आहे. जगात आज नव्या पायाला आयएसओ १०३२८ या मानकातून जावं लागतं. यंत्रात पाय बसवतात, एक दट्ट्या टाचेवर दाबतो, दुसरा चवड्यावर, पुन्हा टाचेवर, पुन्हा चवड्यावर. असं २० लाख वेळा. एका पायाची रोज तीन हजार पावलं धरली, तर हे जेमतेम दोन वर्षांचं चालणं झालं. या मानकात ६०, ८० आणि १०० किलोच्या माणसांसाठी भाराच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. २००६ साली आणखी एक मानक आलं, ज्यात पायाखालची फळी डोलते आणि पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत सलग फिरतं. ही यंत्रं हवीतच. मोडणारा पाय माणसाच्या अंगावर मोडण्याआधी यंत्रात मोडलेला बरा.

तरीही खारेपाटातली लावणी पाहिलेल्या माणसाला त्यात एक उणीव खटकते. ती फळी टाचेकडून बोटांकडे डोलते. बोटांकडून टाचेकडे कुणी डोलवत नाही. चिखल पाय धरून ठेवतो, तेव्हा सगळी ओढ खाली असते. दाबाला पुरणारा पाय ओढीला पुरेलच असं नाही. गुडघ्यावरचा पट्टा सैल असेल, तर पाऊल चिखलात राहतं आणि माणूस पुढे तोंडावर येतो. सॉकेटमध्ये गढूळ पाणी शिरतं, वाळूचे कण खुंटाची कातडी घासतात, आणि दोन दिवसांत फोड येतो. मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर होडी पाण्यात ढकलणाऱ्या कोळ्याला याच्या जोडीला खारं पाणीही असतं. बोल्ट आणि पत्रा त्यात किती दिवस टिकतात, हे पाहायला महिनाभर त्याच्याबरोबर राहावं लागेल.

अशी पाहणी करायची तर ती कशी दिसेल, हे सांगणं अवघड नाही. लावणीच्या आठ दिवसांत खाचराच्या कडेला कुणीतरी वही घेऊन उभं राहावं लागेल. किती पावलांनंतर पट्टा घसरला, खुंट कधी लाल झाला, बाईने पाय काढून बांधावर कधी ठेवला आणि पुन्हा कधी घातला, हे लिहावं लागेल. लावणीत बाया अधिक असतात, म्हणून चाचणीतही त्या अधिक हव्यात. लुगडं वर खोचल्यावर पट्टा कुठे टोचतो, हा प्रश्न पुरुषांवर मोजून सुटणार नाही.

शिबिराच्या हॉलमध्ये फरशी गुळगुळीत असते. दोन दांड्यांमधून माणूस आधी धरून चालतो, मग एक हात सोडून, मग दोन्ही सोडून. तंत्रज्ञ वाकून त्याच्या टाचेकडे पाहतो, नळी चार मिलिमीटरने कापतो, पुन्हा चालवतो. सही होते. बाहेर रस्त्याला एसटी उभी असते. तिची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याइतकी उंच. माणूस दांडा धरतो, आधी आपला पाय वर ठेवतो, मग मिळालेला. कंडक्टर घंटी न वाजवता थांबतो. खिडकीबाहेर भाताची खाचरं, त्यांत पाणी साचलेलं, आणि वाकलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकत असतात.